शेऱ्याचा रकाना

आमच्या घरात चार वर्षं एकच भांडण चालू होतं आणि ते वेबसाइटचं होतं. ती मोबाइलवर नीट दिसायला पाहिजे असं माझं म्हणणं, आणि तशी काही गरज नाही असं बाबांचं. इतर घरांत बाप-लेकीला भांडायला जमीन असते, जावई असतो. आमच्याकडे जावई उरला नव्हता आणि जमीन कधी नव्हतीच, म्हणून आम्ही वेबसाइटवर भागवलं.

वेबसाइट आमच्या वधू-वर सूचक केंद्राची. 'मैत्री' हे नाव, भद्रावती हे गाव, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बौद्ध घरांची स्थळं. बाबांचं नाव खुशाल, आयुध निर्माणीत ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात नाहीतर पुढारी होतात. बाबांनी रजिस्टर घेतलं. लांबलचक, हिरव्या पुठ्ठ्याचं. त्यावर पट्टीने लाल रेघा मारून रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, गाव, अपेक्षा, आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, शेरा.

स्टोअरच्या रजिस्टरला तो रकाना असतोच. डबा चेपलेला आला, वजन कमी भरलं, गंज चढला, असं तिथे लिहायचं. बाबांनी तीच सवय लग्नात आणली. विधुर. घटस्फोटित. एक मुलगी आहे. डाव्या पायाने अधू. ज्यांचं सगळं सरळ होतं त्यांचा रकाना कोरा. पाचशे नावांत भरलेले रकाने त्रेचाळीस होते, आणि त्यातला एक माझा होता.

अनुक्रमांक ४१७. नूतन, पाच फूट दोन इंच, बी.ए. बी.एड., खासगी शाळेत शिक्षिका. शेरा : घटस्फोटित, अपत्य नाही. अक्षर बाबांचं, वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

ब्रह्मपुरीला मी चौदा महिने नांदले. नवऱ्याचा हात उठायचा. पहिल्यांदा भात करपला म्हणून उठला, पुढे कारण शोधायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. एका सकाळी मी शाळेत जाते म्हणून निघाले ती सरळ बसमध्ये बसले. आई त्याआधीच वारली होती. दारात बाबा उभे होते, त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "नाश्ता केला का?" त्यानंतर त्यांनी ब्रह्मपुरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी ते त्यांचं मोठेपण समजले आणि कितीतरी वर्षं शाळेतल्या बायांना कौतुकाने सांगत राहिले.

वेबसाइट २०१२ साली पियुषने करून दिली. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बाबांनी त्याला एकच सांगितलं, की रजिस्टर जसं आहे तसंच दिसलं पाहिजे. त्याने तसंच केलं. कॉम्प्युटरवर उघडलं की अख्खं पान समोर, डावीकडे अनुक्रमांक आणि उजवीकडे शेरा. बाबा खूश झाले. पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले आणि पान त्यात मावेना. तळहाताएवढ्या पडद्यावर रकाने 'गाव'पर्यंत यायचे आणि तिथेच संपायचे. अपेक्षा आणि शेरा पडद्याच्या बाहेर.

"बाबा, लोकाइले शेरा दिसतच नाई," मी म्हणायची.

"कॉम्प्युटरवर दिसते ना?"

"चामोर्शीच्या, सिंदेवाहीच्या पोराले कॉम्प्युटर कुठी भेटन? त्याच्यापाशी मोबाइलच आहे."

"मंग त्यानं फोन करावा. नंबर वरतेच देल्ला आहे, मोठ्या अक्षरात." आणि वर ठरलेलं वाक्य, "लग्न काय बसमधी लटकून जमवाची गोष्ट आहे? चष्मा लावून, बसून पाह्यची गोष्ट आहे ते."

मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, नव्या गोष्टीला भितं. मी चिडायची, पण त्या चिडण्यात थोडी माया असायची. आता आठवलं की त्या मायेचाही राग येतो.

कारण भोगायचं मला होतं. आधी वरोऱ्याचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, पोराने मला आवडतं पुस्तक विचारलं. मग त्याच्या आत्याने सहज म्हटलं, "पोरगी एवढी शिकलेली, मंग आतापावतर लग्न काऊन नाई केलं?" बाबांनी कप खाली ठेवला. "शेऱ्यात लिहिलं आहे जी." चार मोबाइल निघाले, कशातच शेरा नाही. बाबा त्यांना आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे घेऊन गेले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाहा. मी काही लपवलं नाई." मी दारात ट्रे घेऊन उभी. आत्याने वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मघाशी जिला ती 'बेटा' म्हणत होती ती मी नव्हतेच जणू. वर्षभराने मूल गावचे पाहुणे आले. तेच पोहे, तोच प्रश्न, तेच बोट.

मूलचे गेले त्या दिवशी मी बाबांना निक्षून सांगितलं. "आता ज्याले माहीत नाई तो माणूस ह्या घरात मले पाहाले येणार नाई. आधी वाचावं, पटलं तं यावं."

"बरं," बाबा म्हणाले.

दीड वर्षाने नागसेनचं स्थळ आलं. चामोर्शीला कृषी सहायक, वय अडतीस. तोही आमच्याच साइटवर नोंदलेला होता आणि त्याच्याही शेऱ्यात एक शब्द होता : विधुर. बायको कावीळ होऊन गेली होती. मी बाबांना विचारलं, "त्यानं माझा शेरा वाचला ना?"

"वाचूनच येऊन राह्यला तो."

"मोबाइलवर पाहिलं असन तं?"

"सरकारी नोकर आहे बाई. ऑफिसात कॉम्प्युटर आहे, त्याच्यावरच पाहिलं त्यानं. मी विचारलं."

मी विश्वास ठेवला. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या रजिस्टरमध्ये एक खोटी ओळ सापडली नाही, त्याच्यावर नाही तर कोणावर ठेवायचा?

नागसेन आईला घेऊन आला. बायनाबाई त्यांचं नाव, बोलायला मोकळ्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आमची पहिली सून लक्ष्मीसारखी होती, टिकली नाई." आवाज खाली न करता, न लाजता. मी वाट पाहत राहिले की आता कोणीतरी विचारेल, लग्न काऊन नाई केलं. कोणी विचारलं नाही. नागसेनने माझ्या शाळेबद्दल विचारलं, वर्गात पोरं किती, मध्यान्ह भोजनाचा तांदूळ कसा येतो. निघताना तो उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "चहा चांगला होता जी."

मला केवढा आनंद झाला होता. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण झाला होता. मला वाटलं, अखेर एक माणूस असा भेटला की ज्याने शेरा वाचला आणि त्यावर बोलायची गरजही त्याला वाटली नाही. ज्याचा स्वतःचा रकाना भरलेला आहे त्याला दुसऱ्याच्या रकान्याचं काय, असं मी माझ्याशी म्हणत होते. पुढचे वीस दिवस आम्ही रोज शाळा सुटल्यावर फोनवर बोललो. तो धानावरच्या तुडतुड्याबद्दल सांगायचा, त्याच्या गेलेल्या बायकोबद्दल सांगायचा. मी ऐकायची. माझ्या ब्रह्मपुरीबद्दल तो विचारत नव्हता आणि मीही काढलं नाही. खरं सांगायचं तर काढावंसं वाटलंच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्याशी नुसतं माझ्याशी म्हणून बोलत होतं, ते मला मोडायचं नव्हतं. तेवढी चूक माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली, विहार ठरलं. साडी घ्यायला आम्ही चंद्रपूरला भेटायचं ठरवलं. ते चामोर्शीहून मूलमार्गे आले, मी भद्रावतीहून. गोल बाजारातल्या दुकानात गादीवर बसलो. दुकानदाराने आमच्यापुढे दहा-बारा साड्या उलगडल्या. बायनाबाईंनी मोरपंखी बाजूला काढली आणि दुकानातल्या बाईला कौतुकाने म्हणाल्या, "हे आमची होणारी सून. मोबाइलमधी हिचा फोटो पाह्यला अन् मी म्हटलं, पोरगी हेच." त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि आमची साइट उघडून तिला दाखवली.

मी वाकून पाहिलं. अनुक्रमांक, फोटो, नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, गाव. बस.

"तुम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाह्यलं होतं ना?" मी नागसेनला विचारलं.

तो हसला. "ऑफिसचा कॉम्प्युटर दोन वर्षांपासून बंद पडून आहे. आईच्याच मोबाइलवर पाह्यलं."

"आन् बाबानं काही सांगतलं नाई? फोनवर?"

"कायचं?"

मोरपंखी साडी माझ्या खांद्यावर टाकलेली होती. ती मी काढली, घडी करायला लागले, जमली नाही, तशीच ठेवली. मग त्या बाईच्या, दुकानदाराच्या, सगळ्यांच्या देखत सांगितलं. माझं लग्न झालेलं आहे. ब्रह्मपुरीला चौदा महिने होते. घटस्फोट झाला त्याला अकरा वर्षं होतील. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

बायनाबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली. "माहा पोरगा विधुर आहे म्हणून त्याले कोणीबी चालन असं नाई बाई. आमी पहिल्या लग्नाचीच पाहून राह्यलो होतो. तुमच्या बापानं आमाले फसवलं."

मी नागसेनकडे पाहिलं. वीस दिवस ज्याचा आवाज मी रोज ऐकत होते तो माणूस साडीच्या काठाकडे पाहत होता. मी त्यांच्याबरोबर बसस्टँडपर्यंत गेले, का गेले ते मला माहीत नाही. बस लागल्यावर तो म्हणाला, "आधी सांगतलं असतं तं..."

"तं काय?"

"तं इचार केला असता."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "घटस्फोटाचं काही नाई नूतन. पण लपवलं, त्याचं वाईट वाटलं." मी बरं म्हटलं. ह्या वाक्यापुढे कोणाला काय बोलता येतं? नाकारणाऱ्याच्या अंगावर डाग पडत नाही आणि नाकारलेल्या माणसाला भांडायला जागा राहत नाही. ते खरं होतं की सोयीचं, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटले ती थेट पियुषच्या दुकानात गेले. त्याचं स्वतःचं लग्न त्यांच्या समाजातलं, आमच्या केंद्राशी त्याचा संबंध नव्हता, पण बाबांना तो काका म्हणायचा. मी म्हटलं, "आजच्या आज साइट मोबाइलवर नीट दिसली पायजे. बाबाले मी पाहून घेतो."

पियुष खुर्चीत मागे रेलला. "ताई, ते तं मी तीन वर्षांआधीच करून ठेवलं होतं. फुकट. काकाइले दाखवलं, एक घंटा बसून पाह्यलं त्याइनं."

"मंग?"

"मले विचारलं, शेरा कुठी येते? मी म्हटलं, नावाच्या खालीच येते काका, एकदम समोर. तं म्हणे, मंग राहू दे." त्याने समोरचा माउस उगीच इकडे तिकडे केला. "आन् ताई, पहिले मोबाइलवर बोटानं सरकवलं का शेरा दिसे. आडवं सरकत होतं ते. काकाइनं ते बंद कराले लावलं. मले म्हणे, नूतनले सांगू नको."

मी घरी आले तेव्हा बाबा नव्या रजिस्टरवर रेघा मारत होते. जुनं भरत आलं होतं. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी हातातली रेघ पानाच्या तळापर्यंत नेली, मग पेन खाली ठेवलं.

"पियुषनं सांगतलं," मी म्हटलं.

"खोटं काही लिहिलं नाई मी."

"लिहिलं नाई. दडवलं."

"दडवलं नाई. जिथी आहे तिथीच आहे. ज्याले पाह्यचं त्यानं पाहावं."

"आन् नागसेननं ऑफिसात वाचलं म्हणून सांगतलं ते?"

बाबांनी चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसला. मग हळूच बोलायला लागले, पुसतच. "तुझा घटस्फोट झाला त्या वर्षी तुझं नाव टाकलं. दीड वर्ष एक फोन नाई आला बाई. लोक कॉम्प्युटरवर पाह्यचे, शेरा वाचाचे, पुढच्या नावावर जायाचे. मंग मोबाइल आले अन् तुझ्यासाठी पहिला फोन आला. मले वाटलं शेरा वाचून आला. बोलता बोलता समजलं का त्याले शेरा दिसलाच नाई." चष्मा त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मले वाटे का आधी कोणी तुले पाहावं. दोन गोष्टी बोलाव्या. मंग वाचावा शेरा. तुले पाह्यल्यावर कोणी त्या एका शब्दासाठी उठून जाईन असं मले वाटलंच नाई."

"गेले ना पण. दोन डाव गेले. तिसऱ्या डावाले तुम्ही त्याले सांगतलंच नाई. मले तिथी दुकानात, माणसाइच्या समोर, माझ्या खांद्यावर साडी होती बाबा..." मी हातातली पिशवी खाली आपटली. "त्या शब्दाची मले लाज नोती. एक दिवस नोती. तुमाले होती."

मला वाटलं ते नाही म्हणतील. म्हणायला पाहिजे होतं. त्यांनी रजिस्टरवर हात फिरवला, नुकत्याच मारलेल्या रेघेची शाई बोटाला लागली.

"हो," ते म्हणाले. "मले होती."

बॅग हातात घेऊन 'नाश्ता केला का' विचारणारा बाप मला त्या क्षणी पुन्हा दिसला, आणि तो पुढे काही का विचारत नव्हता तेही कळलं.

पियुषने त्याच संध्याकाळी साइट बदलली. आता मोबाइलवर प्रत्येकाची वेगळी चौकट आली. वर फोटो, खाली नाव, नावाखाली शेरा, मग बाकीचं. शेरा नावाखालीच ठेव, जाड अक्षरात ठेव, हे मीच त्याला सांगितलं. रागाच्या भरात सांगितलं आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस माणसांचं सांगितलं. त्यातल्या एकालाही विचारलं नाही.

साइट सुरेख दिसायला लागली. महिनाभरात फोन दुप्पट झाले, पियुष येऊन अभिनंदन करून गेला. मी इतकी वर्षं सांगत होते ते खरं ठरलं. फक्त सगळे फोन कोऱ्या रकान्यांसाठी होते. त्रेचाळीसपैकी एकासाठीही आला नाही.

मग एका शनिवारी त्या त्रेचाळीसपैकी एक, कांता, मूलहून आली. अंगणवाडीत मदतनीस, नवरा गेलेला, एक मुलगी. पाणीही न पिता म्हणाली, "ताई, ते पहिल्यासारखं करून द्या ना."

"काऊन?"

"पहिले महिन्या-दोन महिन्यांतून एखादा फोन ये. मी आवाजावरून माणूस ओळखो. बरा वाटला का दोन-चार डाव बोलो, मंग हळूच सांगो का मले पोरगी आहे. काही फोन ठेवत, काही ऐकून घेत. एक तं पोरीचं नाव विचारे. आता फोनच नाई."

"खरं ते आधी कळलं पायजे कांताबाई. मंग तरास होत नाई."

"मी काय खोटं सांगत होती?" कांता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सांगतच होती मी, माह्या तोंडानं. तुमी माह्या आधीच सांगून टाकलं."

मी पाहते म्हणाले. काही पाहिलं नाही. इतक्या वर्षांनी जिंकलेलं भांडण एका बाईच्या सांगण्यावरून हरायची माझी तयारी नव्हती. ती तीनच्या बसने परत गेली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी भांडी घासत होते. बाबांचा मोबाइल वाजला. ते थोडं बोलले, मग मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा उजळलेला होता. "तुझ्यासाठी आहे. राजुऱ्याचं स्थळ आहे. पोराची आई बोलून राह्यली."

"शेरा वाचला त्याइनं?"

बाबांनी मोबाइल पुढे केला. मी ओल्या हातानेच माझा मोबाइल घेतला आणि साइट उघडली. अनुक्रमांक ४१७. माझा फोटो, माझं नाव, आणि नावाखाली थेट जन्मतारीख. टेबलावर नवं रजिस्टर पडलं होतं. बाबा जुन्यातली नावं त्यात उतरवत होते, शेवटच्या काही नावांपर्यंत आले होते. मी पान उलटलं. कांताच्या रकान्यात होतं तसं लिहिलेलं. नागसेनच्या रकान्यात होतं तसं. माझ्या नावासमोर शेऱ्याचा रकाना कोरा होता. एकतीस वर्षं स्टोअरमध्ये आणि चौदा वर्षं इथे, बाबांनी केलेली ती पहिली खोटी नोंद होती.

"बोल ना," बाबा कुजबुजले. "वाट पाहून राह्यल्या त्या."

मी त्यांचा मोबाइल घेतला. "नमस्कार जी. मी नूतन बोलतो. साइटवर एक नोंद राहून गेली आहे, ते सांगतो. माझं लग्न झालेलं होतं. घटस्फोट झाला. लेकरू नाई. त्यानं मारलं म्हणून मीच घर सोडलं."

पलीकडे काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. मग बाई म्हणाल्या, "असं होय. बरं बरं, घरी विचारून सांगतो." त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"विचारून सांगतो म्हणाल्या."

बाबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. ब्रह्मपुरीत नवरा मला मारायचा हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही मी दुसऱ्या कोणाला सांगताना. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मी नळ सोडला आणि राहिलेली भांडी घासली.

दुपारी मी रजिस्टर घेऊन बसले आणि शेरा असलेल्या बेचाळीस जणांना एकेक करून फोन लावला. केंद्रातून बोलते, तुमचा शेरा साइटवर ठेवायचा की काढायचा? ठेवला नाही तरी पाहुणे यायच्या आधी तुमच्या तोंडाने सांगावं लागेल. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी काढा म्हटलं. कांता म्हणाली, काढा, आणि रडायला लागली. पायाने अधू असलेल्या पोराने आधी दोनदा विचारलं, खरंच काढता येते का.

नागसेनला मी तिसावा की एकतिसावा फोन लावला. त्याने आवाज ओळखला, मी ओळख दिली नाही. "तुमच्या शेऱ्यात विधुर लिहिलं आहे. ठेवाचं का काढाचं?"

"काढून टाका जी," तो म्हणाला. "आधीच वाचलं का लोक फोन नाई करत."

मी त्याच्या नावापुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

सोमवारी पियुषने बेचाळीस शेरे काढले आणि एक भरला. तो मी स्वतः त्याच्या शेजारी बसून लिहून दिला. आता पाचशे नावांत शेरा असलेलं नाव एकच आहे, आणि मोबाइलवर ते अगदी नीट दिसतं.